भिकुबाईच्या आवाजाची वाटणी

मी, अभिमन लोटन अहिरराव, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा पूर्वी लाऊडस्पीकर व मंडप, हल्ली काही नाही, मूळ राहणार मौजे सावरपाडे, तालुका साक्री, जिल्हा धुळे, हल्ली मुक्काम मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकावरून नव्हे, तर स्वतःच्या अकलेने लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजवा कान पूर्ण गेला आहे, डावा निम्मा. जन्मभर भोंग्याखाली उभा राहणाऱ्याचं तसंच होतं, त्यावरून कोणी माझ्या अकलेबद्दल शंका काढू नये.

हा मजकूर टाईप करणारे वकीलसाहेब म्हणाले, "आबा, यात एवढा इतिहास कशाला? कोणाला काय द्यायचं तेवढं सांगा." मी म्हटलं, कोणाला काय द्यायचं नाही तेही लिहायचं आहे, आणि न देण्याला कारण दाखवावं लागतं. माझ्या माघारी कोर्टात जाणारे माझेच भाऊबंद असणार. त्यांना मी चांगला ओळखतो.

तीन वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते या मृत्युपत्राने रद्द समजावं. त्यातलं एक कलम रागाच्या भरात घातलं होतं. राग आजही तेवढाच आहे, कलम तेवढं बदललं आहे.

कलम १. माझी पत्नी भिकुबाई ही मयत आहे. मला मुलगा नाही. एकच मुलगी, ज्योती, राहणार धुळे, सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली आहे. माझे थोरले बंधू रुपचंद लोटन अहिरराव हे सावरपाड्याला हयात आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांचा मुलगा जगदीश आणि जगदीशची मुलगी हेमलता, एवढ्यांचाच या कागदाशी संबंध आहे. बाकी भावकी मोठी आहे आणि मोठीच राहो.

कलम २. मेहरूण येथील राहतं घर, वरची गच्ची, मागची मोरी व पुढचं सीताफळाचं झाड यांसह ज्योतीला द्यावं. हे घर मी स्वतःच्या कमाईने बांधलं. यात वडिलोपार्जित असं काहीच नाही, माझा रागीट स्वभाव सोडून.

कलम ३. बँकेतल्या ठेवी ज्योतीला. त्यातून माझ्या तेराव्याला भावकीला जेवण घालू नये. शेजारपाजारच्यांना घालावं, मेहरूणच्या लोकांनी आम्हाला कधी कोण-कुठले विचारलं नाही. सावरपाड्याहून कोणी आलंच तर चहा द्यावा, तोही साखरेचा द्यावा, म्हणजे पुढे बोलायला जागा राहणार नाही.

कलम ४. 'मैत्री साऊंड' या नावाने चाललेल्या माझ्या धंद्याचं सगळं सामान, भोंगे, युनिटं, अॅम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी, सोल्डरिंगची हत्यारं, हे ईश्वर चौधरी याला द्यावं. तो माझ्या हाताखाली शिकला आणि आता डीजेचा धंदा करतो. त्याच्या डीजेने लोकांच्या छातीत धडधड होते, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. तो हसतो. माणूस बरा आहे, कान वाईट आहे. जुने भोंगे त्याने रंगवू नयेत, रंगाने आवाज बसतो.

कलम ५. माझ्या लोखंडी कपाटात रशियन रेकॉर्डी आहेत. त्या सर्व हेमलता जगदीश अहिरराव हिला द्याव्यात. ती जगदीशची मुलगी असूनही तिला देतो, याचं भावकीने नवल करावं. ती रशियात डॉक्टरकी शिकते.

या रेकॉर्डी कशा आल्या ते सांगतो. त्या काळी भारत-सोव्हिएत मैत्री मंडळाच्या प्रदर्शनात रशियन पुस्तकं आणि रेकॉर्डी अगदी मातीमोल भावाने मिळायच्या. हिंदी रेकॉर्ड घ्यायला जीव जायचा. त्यामुळे त्या वर्षांत साक्री आणि पिंपळनेर भागात ज्यांची लग्नं लागली, त्यांच्यातल्या पुष्कळांना हळद रशियन कोरसवर लागली आहे. मांडवातल्या म्हाताऱ्या विचारायच्या, "हाई कोनतं गानं शे रे भाऊ?" मी सांगायचो, मावशी, नदीचं गाणं आहे. नदीचं म्हटलं की त्यांना पटायचं.

मी तेव्हा लाल बावट्याचा सभासद होतो. भाषणं ऐकून झालो नाही, ही गाणी ऐकून झालो. खाणीतली माणसं, गिरणीतल्या बाया, सैनिक, सगळे चार-चार सुरांत एकत्र गातात, कोणाचाच आवाज कोणाखाली दबत नाही. मला वाटलं, ज्या देशात असं गातात तिथे माणसाची किंमत असणार. हे मी मनापासून मानलं. आज लिहवताना माझीच मला कीव येते.

१९७६ च्या श्रावणात सोव्हिएत कलाकारांचा कार्यक्रम धुळ्याला झाला. लाऊडस्पीकर माझा होता. त्यात नीना वासिल्येव्ना ओरेखोवा नावाची गायिका होती. अंगाने थोराड, केस मागे घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर हसू नाही. ती गायला लागली आणि मी अॅम्प्लिफायरचा आवाज कमी केला, कारण त्या बाईला माझ्या भोंग्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना सुरतेला जायचं होतं, सामान घेऊन मीही सोबत. साक्रीला आलो तर कान नदीला पूर, पुलावरून पाणी, गाड्यांची ही लांब रांग. मंडळी डाक बंगल्यावर थांबली. मी दुभाष्याला सहज म्हटलं, नदीच्या अलीकडेच आमचं सावरपाडे, आज आमच्या घरी कानबाई आहे, बायका गातात. त्याने तिला सांगितलं. ती उठली आणि पायात बूट घालू लागली. दुभाष्याला नाइलाजाने तिच्यामागे यावं लागलं.

कोर्टातले साहेब खानदेशातले असतीलच असं नाही, म्हणून सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी मांडतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्या भावकीत थोरल्याच्या घरी सगळ्या घरांचे गहू एकत्र मोजले जातात. घरटी नाव घ्यायचं आणि त्या नावाचे सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्या पिठाचे रोट होतात. ते रोट भावकीनेच खायचे, बाहेरच्याच्या तोंडात घास जायचा नाही. आमच्याकडे हा नियम फार कडक आहे.

कानबाईची गाणी आमच्या भावकीत भिकुबाई उचलायची. ती एक ओळ म्हणायची, मग बाकीच्या बायका ती ओळ झेलायच्या. त्या दुपारी नीनाबाई येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. भिकुबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गाणं चालू ठेवलं. थोड्या वेळाने नीनाबाई खालच्या पट्टीत, शब्द न घेता, सोबत गुणगुणायला लागली. मी गाडीतला माझा स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला आणि चालू केला. बायका लाजल्या, तोंडाला पदर लावला. भिकुबाई लाजली नाही, गाताना ती कोणालाच लाजत नसे. ती फीत माझ्याकडे आहे आणि तिचं पुढे वेगळं कलम आहे.

गाणं संपलं, तसे नीनाबाईने दुभाष्याकरवी विचारून सगळे शब्द वहीत उतरवून घेतले. बाई सकाळपासून उपाशी आहे असं दुभाषा म्हणाला. घरात रोट आणि खीर सोडून दुसरं काही नव्हतं, भाकरीला वेळ होता. भिकुबाईने आपल्या वाटणीच्या रोटाचा तुकडा मोडला, वर तूप घातलं आणि तिच्या हातावर ठेवला. रुपचंदनाना तेवढ्यात पुराच्या पाण्याकडे जाऊन, अडकलेल्या गाड्यांची चौकशी करून घरात आले होते. ते म्हणाले, "हाई काय करं तू?"

भिकुबाई थोरल्या दिरासमोर एरवी मान वर करत नसे. त्या दिवशी केली. म्हणाली, "नाना, तिले भूक लागेल शे. भुक्याले कोनी भावकी इचारस का?"

पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून नाना ओसरीवर जाऊन बसले. नीनाबाईने तुकडा खाल्ला आणि दुभाष्याकरवी विचारलं, अजून मिळेल का. भिकुबाईने उरलेला सगळा दिला. संध्याकाळी पाणी ओसरलं आणि त्या लोकांसोबत मीही सुरतेला गेलो.

कलम ६. मौजे सावरपाडे येथील वाटणीत माझ्या हिश्शाला आलेली जागा ज्योतीला द्यावी. चतुःसीमा: पूर्वेस रुपचंद लोटन अहिरराव यांचं घर, पश्चिमेस नाला, दक्षिणेस सामाईक विहीर, उत्तरेस रस्ता. पूर्वी इथून बैलगाडी मुश्किलीने जायची. आता रस्ता रुंद झाला आहे आणि तेव्हापासून माझ्या भावकीला माझी आठवण येऊ लागली आहे.

पुढच्या वर्षीच्या कानबाईला आम्ही नेहमीसारखे नानांच्या घरी गेलो. नाना सूप पुढे घेऊन बसले. एकेका घराचं नाव घ्यायचे आणि मूठ टाकायचे. ज्योती तेव्हा लहान होती, आपल्या बापाचं नाव कधी येतं म्हणून अगदी सुपाशी जाऊन बसली होती. सगळी नावं झाली आणि नानांनी हात झटकले. ज्योती म्हणाली, "नाना, आमनं नाव राही गयं."

नाना म्हणाले, "राही गयं नही."

बस. पंच बसले नाहीत, दंड मागितला नाही, कोणी शिवी दिली नाही. कोणी शिवी दिली असती तर मी चार दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण नावच घेतलं नाही तर भांडायचं कशाशी? तिथे बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलं आणि सगळे सुपाकडे बघत राहिले. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या लग्नात मी फुकट लाऊडस्पीकर लावला होता. त्या रविवारी गाणं उचलायला दुसऱ्या बाईला बसवलं. तिला सूर लागेना, आणि भिकुबाई उंबऱ्याशी उभी राहून ते ऐकत होती.

त्याच वर्षी आम्ही गाव सोडून जळगावला आलो. भिकुबाई त्यानंतर गायली नाही. मी समजावलं, भांडलो, एकदा हात जोडले. ती म्हणाली, "जठे आपलं नाव नही, तठे गानं काय म्हनू?" दर श्रावणात सोमवारी मेहरूणच्या बाया कानबाई घेऊन तलावावर जातात. ती काठावर जाऊन उभी राहायची. आमच्या शेजारच्या सुनंदाबाई तिला म्हणायच्या, "अक्का, तुम्हीही म्हणा ना." ही सांगायची, "माले येत नही." सुनंदाबाईंना ते खरंच वाटायचं. ज्योतीला आईचं एकही गाणं येत नाही. ती मोठी झाली, परिचारिका झाली, स्वतःच्या मुलांना झोपवताना रेडिओवरची गाणी म्हणायची. रुपचंदनाना, तुम्ही माझ्या घरातून काय नेलं ते तुम्हाला सुपातल्या गव्हात मोजता येणार नाही. एवढं एकच वाक्य या कागदात तुम्हाला उद्देशून आहे.

ज्योतीने ही जागा विकायची की ठेवायची ते तिने ठरवावं. भावकीला विकू नये, ही माझी इच्छा.

कलम ७. लाल बावट्याचे आमचे पुढारी कॉम्रेड प्रेमराज यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर मी विसरलो असं त्यांना वाटेल.

१९७९ साली प्रेमराज मॉस्कोला जाऊन आले. येताना माझ्यासाठी एक रेकॉर्ड आणली. वर नीनाबाईंचा फोटो. आत एक गाणं आमच्या कानबाईचं, नीनाबाईंच्या आवाजात, मागे मोठा कोरस. प्रेमराजना रशियन वाचता यायचं. त्यांनी वाचून दाखवलं, 'भारतीय लोकगीत'. कोणाकडून घेतलं, कुठे ऐकलं, काही नाही. मी रेकॉर्ड लावली तेव्हा भिकुबाईचे हात पिठात होते. ती तशीच उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "चांगलं म्हनस. शब्द बठ्ठा बरोबर शेतस." आणि पुन्हा पीठ मळू लागली. मला वाटलं होतं ती चिडेल. चिडलो मी. ज्या देशात कोणाचाच आवाज दबत नाही, त्या देशाला माझ्या बायकोचं नाव छापायला जागा मिळाली नाही.

तीन वर्षांनी जळगावला पुन्हा रशियन मंडळी आली. लाऊडस्पीकर माझाच. कार्यक्रमानंतर मी ती रेकॉर्ड घेऊन त्यांच्या पुढाऱ्याकडे गेलो. विचारलं, या नीनाबाई कशा आहेत? माझ्या बायकोचा नमस्कार त्यांना सांगाल का? तो माणूस फोटोकडे बघून दुभाष्याला काही बोलला. दुभाषा म्हणाला, "अशी कोणी गायिका नाही."

मी म्हटलं, हा फोटो. तो म्हणाला, "ते म्हणतात, अशी कोणी गायिका आमच्याकडे नव्हती." हे सांगताना दुभाषा स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

प्रेमराजनी मला मंडपामागे नेलं. "अभिमन, ते नाही म्हणतात ना, मग नसेल. ती रेकॉर्ड माझ्याकडे दे."

"कॉम्रेड, ती बाई माझ्या घरी जेवली आहे."

"ते विसरून जा. तिकडे काहीतरी कारण झालं असेल. आपल्याला सगळं कळत नसतं."

"तुम्हीच आणली ना ही रेकॉर्ड?"

"मी काही आणली नाही," प्रेमराज म्हणाले.

मी रेकॉर्ड दिली नाही. उलट पुढचं लग्न मिळालं त्यात तीच तीनदा वाजवली. त्या वर्षी माझ्या सभासदत्वाची पावती फाडायला कोणी आलं नाही. मी विचारायला गेलो तर कार्यालयात म्हणाले, यादीत नाव दिसत नाही. मला हसू आलं. मी म्हटलं, राहून गेलं का? त्यांना त्यातलं काही कळलं नाही. प्रेमराज सभेत भावकीच्या जाचावर फार छान बोलायचे, लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

नीनाबाईंचं काय झालं ते मला हेमलतामुळे कळलं. ही मुलगी तिकडे शिकायला गेली तेव्हा जाण्याआधी मला भेटायला आली, घरच्यांना न सांगता. मी तिला नाव लिहून दिलं. दोन वर्षं तिने विचारपूस केली. नीनाबाईंचा भाऊ जहाजावर नोकरीला होता, तो परदेशातल्या बंदरात उतरला आणि परत आलाच नाही. भाऊ आला नाही म्हणून बहिणीचं गाणं रेडिओवर बंद झालं, दुकानातून रेकॉर्डी गेल्या, जाहिरातींवरून नाव गेलं. शेवटची वर्षं ती एका कारखान्याच्या क्लबात पोरांना गाणं शिकवत होती, थंड मुलखात कुठेतरी, आणि तिथेच वारली. हेमलताला तिची एक विद्यार्थिनी सापडली, आता म्हातारी झालेली. ती म्हणाली, बाई आम्हाला एक गाणं शिकवायच्या, ते कोणत्या भाषेतलं ते आम्हाला कधी कळलं नाही. आणि तिने फोनवर ते म्हणून दाखवलं. हेमलताने ते उतरवून मला पाठवलं, तिला स्वतःला ते गाणं ओळखू आलं नाही. तिच्या घरी ते कोणी म्हटलंच नव्हतं, कारण ते उचलणारी बाई तिच्या आजोबांनी उंबऱ्याबाहेर ठेवली होती. मला मात्र निम्म्या कानानेही पहिल्याच ओळीला कळलं. भिकुबाई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. ते तिला ऐकवता आलं नाही. म्हणून रेकॉर्डी हेमलताला.

कलम ८. आता फीत. माझ्या सगळ्या मिळकतीत हीच खरी मिळकत, बाकीचं लिहिलं ते वकीलसाहेबांच्या समाधानासाठी. भिकुबाईचा गाण्याचा आवाज जगात या एका फितीवर आहे.

तीन वर्षांपूर्वी जगदीश पेढे घेऊन माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाया पडला. म्हणाला, "काका, भावकीने कानबाईचं सभागृह बांधायचं ठरवलंय. तुमची जागा रस्त्याला लागून आहे. तुम्ही दिली तर पाटीवर तुमचं नाव टाकू. आणि काकूंची ती टेप द्या. माझ्या मुलाचं अहिराणी गाण्यांचं चॅनल आहे, लाखो लोक बघतात. उद्घाटनाला लावू. रशियात गाजलेलं आमच्या घराण्याचं गाणं."

मी विचारलं, "गेल्या कानबाईला माझ्या घराची मूठ टाकली का?"

त्याने पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "काका, नाना आहेत तोवर ते अवघड आहे. त्यांच्यापुढे कोण बोलणार? नंतर बघू ना आपण."

म्हणजे नाव घ्यायचं नाही, आवाज तेवढा न्यायचा. मॉस्कोवाल्यांनी केलं तेच. मी त्याला पेढ्यांसकट बाहेर काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मृत्युपत्र करून कलम घातलं की माझ्या चितेवर ती फीत माझ्या छातीवर ठेवावी. मला वाटलं, मिळू दे आता यांना राख. त्या रात्री मला फार चांगली झोप लागली, हे खोटं कशाला बोलू?

ज्योतीला ते कलम यंदा संक्रांतीला कळलं. ती सहसा माझ्याशी वाद घालत नाही, दवाखान्यात आयुष्य गेलं, म्हाताऱ्यांना कसं सांभाळायचं तिला कळतं. त्या दिवशी तिने सांभाळलं नाही. म्हणाली, "आबा, आईचं नाव नानांनी काढलं. त्या रशियन बाईचं त्यांच्या लोकांनी काढलं. आता आईचा आवाज तुम्ही जाळणार. म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच झालात."

मी म्हटलं, "मी तिच्यासाठीच करतोय."

"त्यांनीही कोणासाठी तरीच केलं असेल," ती म्हणाली. "मी त्या सुपाशी बसले होते आबा, तुम्ही मागे होता. मला माझ्या आईचं एक गाणं तरी ऐकू द्या."

 एवढ्या वर्षांत मी तिला फीत ऐकवली नव्हती. फीत झिजेल म्हणायचो. खरं म्हणजे त्या कडवटपणात मला वाटेकरी नको होता. टेपरेकॉर्डरचा पट्टा ईश्वरने कुठूनतरी मिळवला, मी तो बसवला आणि ज्योतीने आपल्या आईला गाताना ऐकलं. ऐकून झाल्यावर तिने फीत स्वतःच मागे गुंडाळली. मग तिने सांगितलं, पुन्हा लावा. तिने फितीची नक्कल उतरवून घेतली आहे.

म्हणून आता असं ठरवतो. मूळ फीत आणि नक्कल, दोन्ही ज्योतीच्या मालकीची. जगदीशला व त्याच्या चॅनलला काहीही देऊ नये. माझ्या मृत्यूनंतर जी पहिली कानबाई येईल, त्या रविवारी ज्योतीने सावरपाड्याला, कलम ६ मधल्या स्वतःच्या जागेवर जावं. रीतसर परवानगी काढावी. ईश्वरने दोन भोंगे बांधावेत, दोन्हींची तोंडं पूर्वेकडच्या घराकडे. नानांच्या घरी गहू मोजायला घेतले, की गाणं चालू करावं. भावकी आरडाओरडा करेल, करू द्यावा. आपली जागा, आपला आवाज. कोणी मोबाईलवर उतरवून घेतलं तर कोर्टात जाऊ नये, मात्र ते जिथे वाजेल तिथे 'गाणारी भिकुबाई अभिमन अहिरराव' असं पूर्ण नाव सांगावं, एवढी सक्ती करावी.

शेवटचं सांगतो, कारण फीत मागणाऱ्या जगदीशने ती कधी ऐकलेली नाही आणि नानांनीही नाही, गाणं चाललं होतं तेव्हा ते पुराच्या पाण्याकडे गेले होते. त्या गाण्यात एक जागा येते, तिथे गाणारीने भावकीतल्या घरांची नावं घेऊन देवीजवळ सुख मागायचं असतं. आधी कोणाचं, मग कोणाचं, हे गाणारीच्या मनावर असतं. भिकुबाईने पहिलं नाव घेतलं ते रुपचंदनानांचं. मग जगदीशचं, तो तेव्हा पाळण्यात होता, त्याला उदंड आयुष्य मागितलं. मग एकेक करून सगळी घरं घेतली, एकही गाळलं नाही. आमचं घर तिने सगळ्यांच्या शेवटी घेतलं.

नानांना अजून नीट ऐकू येतं, असं हेमलता सांगते. त्यांची खाट खिडकीशी असते. पहिलं नाव यायच्या वेळी ईश्वरने आवाज पूर्ण वाढवावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्योतीने करावी. वरील मजकूर मला वाचून दाखवला, डाव्या कानाशी, मोठ्याने. तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून खालील साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

ठिकाण: मेहरूण, जळगाव
दिनांक: २ मार्च २०२६

(सही) अभिमन लोटन अहिरराव

साक्षीदार:

१. (सही) ईश्वर रामदास चौधरी, राहणार जळगाव. भोंगे बांधण्याचं काम मान्य आहे.

२. (सही) सुनंदाबाई प्रल्हाद भोळे, राहणार मेहरूण. मजकूर ऐकला. अक्काला गाता येत होतं, हे मला आज कळलं.